डूलॅली म्हणजे आपली देवळालीच का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी रिटायर्ड माणूस, नाशिकरोडला राहतो, सगळी नोकरी देवळाली कॅम्पात झाली. मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. परवा फोनवर सांगत होती की ऑफिसातला प्रिंटर बिघडला आणि एकाच्या जागी पन्नास पन्नास कागद ओकायला लागला, तर शेजारची बाई म्हणाली, 'द प्रिंटर हॅज गॉन डूलॅली'. हिने विचारलं म्हंजे काय, तर म्हणे वेडा झालाय, आणि हा शब्द इंडियातल्या कुठल्यातरी गावावरून आलाय. मुलगी म्हणते, बाबा ते गाव म्हणजे आपली देवळाली तर नाही ना? खरं आहे का हे, का कोणी तिची फिरकी घेतली?

उत्तर : काका, फिरकी नाही, शंभर टक्के खरं आहे. डूलॅली म्हणजे तुमची देवळालीच. स्पेलिंग डी-ओ-ओ-एल-ए-एल-एल-वाय, अर्थ डोकं फिरलेला, चक्रम, सरकलेला. माणसाला लावतात, मशीनला लावतात, हवामानालासुद्धा लावतात. ब्रिटनमध्ये आजही आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो, अमेरिकन माणसाला मात्र बहुतेक वेळा समजावून सांगावा लागतो कारण हा शब्द मुळात ब्रिटिश फौजेचा, फौजेतून घरी गेला आणि तिथेच राहिला.

आधी नावाचं काय झालं ते बघू. 'ळ' गोऱ्या शिपायाच्या तोंडात नाहीच, त्याचा 'ल' झाला. मधला 'व' सरकारी कागदावर 'ओ' झाला, म्हणजे डी-ई-ओ-एल-ए-एल-आय, आणि ते वाचणारा माणूस देओलाली म्हणणार. आता हे रोज दहा वेळा घाईत म्हणायचं, त्यात इंग्रजीत शब्दाच्या एकाच तुकड्यावर जोर द्यायची सवय, तो जोर पडला 'ला' वर, त्याचा 'लॅ' झाला, आणि पुढचं 'देओ' चेपून चेपून 'डू' होऊन बसलं. डू-लॅ-ली. ऐकायलाच जरा बावळट वाटतो की नाही? शब्द टिकायचं अर्धं कारण तेच असावं असं मला वाटतं.

पण गावाच्या नावाचा अर्थ 'वेडा' का झाला, खरी गंमत तिथे आहे. ब्रिटिशांनी देवळालीला ट्रान्झिट कॅम्प टाकला 1861 मध्ये. म्हणजे बोटीनं मुंबईला उतरलेले नवे शिपाई काही दिवस इथं ठेवायचे आणि मग आपापल्या पलटणीकडे पाठवायचे, आणि उलट बाजूनं, ज्यांची नोकरीची मुदत संपली त्यांना देशभरातून इथं गोळा करून बोट आली की मुंबईला न्यायचं. जागा निवडली ती डोकं लावूनच. मुंबईचा दमटपणा नाही, उंची साधारण साडेपाचशे मीटर, हवा कोरडी, ऐसपैस माळ, आणि 1865 ला थळ घाटातून, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथून, रेल्वे वर चढली तेव्हा मुंबई बंदर आणि देवळाली एका लायनीवर आलं. शेकड्यांनी माणसं हलवायला ह्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

गाडं अडायचं ते बोटींच्या वेळापत्रकात. फौजेच्या बोटी बारा महिने नसायच्या. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा सीझन, त्याला ट्रूपिंग सीझनच म्हणायचे. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून लोखंडी बोटीत माणसं कोंबून न्यायची म्हणजे ती भाजूनच निघणार, नंतर आपला पावसाळा आणि खवळलेला समुद्र, शिवाय विलायतेहून ताजी पोरं आणायची तर ती भर मे महिन्यात मुंबईत कोण उतरवेल. म्हणून थंडीत नवी माणसं आणायची आणि त्याच बोटीनं जुनी परत न्यायची. 1866-67 च्या सुमाराला ह्याच कामासाठी पाच मोठ्या बोटी बांधल्या होत्या, नावं क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पोर्ट्समथ ते मुंबई अशा त्यांच्या खेपा, सुरुवातीला सुएझ कालवा नव्हता तर इजिप्तमध्ये उतरून जमिनीवरून जायचं आणि पलीकडे दुसरी बोट पकडायची, 1869 ला कालवा झाला आणि ती कटकट गेली.

आता हिशोब करा. एखाद्याची मुदत संपली एप्रिलमध्ये. मार्चची शेवटची बोट गेलेली. पुढची येणार ऑक्टोबर-नोव्हेंबरला. म्हणजे हा गडी सहा-सात महिने देवळालीत बसून. त्यात 1870 ला ब्रिटनमध्ये भरतीचा कायदा बदलला. आधी माणूस वर्षानुवर्षं पलटणीतच अडकायचा, आता बारा वर्षांचा करार आणि त्यातली निम्मीच वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, बाकीची घरी राखीव म्हणून. साहजिकच मुदत संपलेल्यांची ये-जा वाढली.

आणि हा सहा महिने करणार काय? ते फ्रँक रिचर्ड्स नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय. हा वेल्सकडचा कोळसा खाणीतला कामगार, रॉयल वेल्च फ्युझिलियर्समध्ये साधा शिपाई होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात नोकरी केली आणि 1936 ला आठवणींचं पुस्तक काढलं. तो सांगतो की देवळालीत आलेल्या ह्या लोकांकडे बंदूक नाही, लढाईचं सामान नाही, ड्युटी नाही. अधूनमधून किट दाखवायचं, कधीतरी रूट मार्चला जायचं, बस. बाकी दिवस खायला उठायचा. ज्यांच्या नावावर सगळ्या नोकरीत एक डाग नाही असे शिपाई शेवटच्या सहा महिन्यांत काहीतरी भानगड करून तुरुंगात गेले आणि मग घरी गेले, काही जण गुप्तरोग घेऊन दवाखान्यात. कोणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणायचे, ह्याला डूलॅली टॅप झालाय. रिचर्ड्स पुढे म्हणतो की ही म्हण कॅम्पातल्या कंटाळ्यावरूनच पडली असावी. 'असावी' हा शब्द त्याचाच, उगाच छातीठोक बोलत नाही बाबा, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

घरी जायची तारीख ठरलेली असून जाता येत नाही, ही अवस्था वाईटच. पलटणीत असताना पहाटे बिगुल, परेड, पहारा, हत्यार साफ करणं, दिवसाला एक चौकट असते, ती एकदम काढून घेतली आणि वरून एप्रिल-मेचं ऊन, बराकीत पंखा ओढणारा पोरगा आणि कँटीनमधली बिअर. डोकं ठिकाणावर राहिलं तर नवल.

आणि हो, देवळाली म्हटल्यावर काही वाचकांच्या डोळ्यासमोर राहुरीजवळची देवळाली प्रवरा येईल, ती वेगळी. ही नाशिकची, जिथे आज आपल्या सैन्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे आणि तोफांचा आवाज नाशिकरोडपर्यंत येतो, तो तुम्हाला मी काय सांगू.


प्रश्न : हाय, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. इकडे डूलाली नावाचा बिअरचा टॅपरूम आहे तो माहिती होता पण नाव असं का ते कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या एका जुन्या उत्तरात तुम्ही जाता जाता 'डूलॅली टॅप' असं लिहिलं होतं. हा टॅप म्हणजे नळ का? म्हणजे दारूचा नळ वगैरे?

उत्तर : नळ नाही. ताप. आपला अंगात येतो तो ताप. पूर्ण शब्द होता डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप, आणि नुसतं डूलॅली हे नंतर शेपूट तुटून राहिलेलं रूप आहे. छापील कोशात हा पूर्ण शब्द 1925 ला सापडतो, पहिल्या महायुद्धानंतर फ्रेझर आणि गिबन्स ह्या दोघांनी सोल्जर आणि खलाशी लोकांच्या शब्दांचा कोश काढला त्यात. अर्थात तोंडात तो त्याच्या कितीतरी आधीपासून असणार, असे शब्द बराकीत जन्मतात आणि कागदावर यायला त्यांना एक पिढी लागते, कारण कागद साहेबाच्या हातात आणि शब्द शिपायाच्या तोंडात.

आता आपल्याला लगेच वाटतं वा, मराठी ताप इंग्रजीत गेला. थोडं थांबा. गाव आपलं, त्यात वाद नाही. पण ताप हा संस्कृतातून हिंदीत पण आहे, फारसीतही तापाला तसाच मिळताजुळता 'तप-तब' शब्द आहे आणि तो उर्दूत आला, आणि गोऱ्या शिपायाची बाजारातली भाषा होती हिंदुस्थानी, मराठी नव्हे. त्याची पलटण आज पेशावर, उद्या लखनौ, परवा महू अशी फिरणारी. त्यामुळे ताप त्यानं उत्तरेकडेच उचलला असण्याची शक्यता जास्त, देवळालीत फक्त दोन्हीची गाठ पडली. श्रेय अर्धं अर्धं घेऊ.

तापाचा संबंध नुसता थट्टेचा होता असंही नाही. मलेरियानं फौज खरोखर आडवी व्हायची, जोराचा ताप चढला की माणूस बडबडायला लागतो, ते बघून बघून ताप आणि भ्रम ही जोडी डोक्यात पक्की. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादला 1897 मध्ये शोधून काढेपर्यंत तर लोक दलदलीच्या हवेला दोष देत होते. त्यात ऊन डोक्यात शिरलं की मेंदूवर परिणाम होतो अशी गोऱ्या डॉक्टरांची पक्की समजूत, म्हणून ती जाड सोला टोपी. म्हणजे 'ह्याला देवळालीचा ताप चढलाय' हे वाक्य त्या काळात निम्मं थट्टा आणि निम्मं निदान होतं.

मग गंमत अशी झाली की इंग्रजीत टॅप म्हणजे टपली मारणं, आणि डोक्यावर टपली बसलेला ह्या अर्थानं 'टॅप्ड' म्हणजे येडा असा बोलीत शब्द आहे. त्यामुळे ज्याला हिंदुस्थानी येत नाही अशा माणसालासुद्धा डूलॅली टॅप ऐकून काहीतरी अर्थ लागायचा, चुकीचा पण लागायचा. असे शब्द लवकर रुजतात. आपल्याकडे आपण 'डोक्याला ताप' म्हणतोच, फक्त आपल्याकडे तो दुसऱ्यानं दिलेला असतो.

आणि टॅपरूमवाल्यांनी टॅपचा तिसरा अर्थ काढला, बिअरचा नळ. नाव ठेवणाऱ्यानं हा सगळा इतिहास नीट वाचलेला दिसतोय, मला आवडलं. तुम्ही तिथं जाता का हे विचारत नाही, अभ्यास करा.


प्रश्न : ताई, मी ठाण्याची. नेटवर सगळीकडे असं लिहिलेलं दिसतं की देवळालीला ब्रिटिशांचं वेड्यांचं हॉस्पिटल होतं आणि तिथे पाठवलेले लोक म्हणून डूलॅली. तुम्ही तर कंटाळ्याची गोष्ट सांगताय. नक्की काय?

उत्तर : ठाण्याच्या बाईनं हा प्रश्न विचारावा ह्यातच सगळं आलं. आपण काय म्हणतो, ह्याला ठाण्याला पोचवा. पुण्याकडे म्हणतात येरवड्याला भरती करा. दोन्हीकडे खरंच मनोरुग्णालय आहे म्हणून ते वाक्य तयार झालं. इंग्रजीत पण हुबेहूब असाच शब्द आहे, बेडलम, म्हणजे गोंधळ, हलकल्लोळ, तो लंडनच्या बेथलेम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळावरून आला, ज्या संस्थेची सुरुवात 1247 सालची. तर माणसाला वाटतं गावाचं नाव आणि वेड असा संबंध दिसला की तिथं वेड्यांचं हॉस्पिटल असणारच. इथेच घसरतात सगळे.

देवळालीला लष्करी दवाखाना होता, कॅम्प म्हटल्यावर असणारच, आणि आजारी शिपाई बोटीची वाट बघत तिथं पडून असायचे, त्यात डोक्यानं बिघडलेलेही असतील. पण त्या गावाची फौजेत ओळख होती ती वाट बघायची जागा म्हणून. आणि ज्यानं ते दिवस फौजेत काढले तो रिचर्ड्स शब्दाचं मूळ सांगताना हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कंटाळ्याचं घेतो. मी त्याच्या बाजूनं. वेड्यांच्या हॉस्पिटलची गोष्ट जास्त चटपटीत आहे म्हणून ती जास्त फिरते, एवढंच.

आणि ह्या वाट बघण्याचं वजन किती असतं त्याचा पुरावा नंतरही मिळाला. दुसरं महायुद्ध संपलं ऑगस्ट 1945 ला, पण हिंदुस्थानात अडकलेल्या हजारो ब्रिटिश पोरांना घरी न्यायला बोटी पुरेनात, देवळाली पुन्हा भरली. लढाई संपली, शत्रू नाही, काम नाही आणि तारीख पण नाही. जानेवारी 1946 मध्ये कराचीजवळ ड्रिग रोडला रॉयल एअर फोर्सच्या जवानांनी सरळ संप केला, शिस्तीच्या फौजेत संप, आणि तो बघता बघता कानपूरपासून पार सिंगापूरपर्यंतच्या तळांवर पसरला. मुख्य मागणी एकच, आम्हाला घरी कधी सोडता ते सांगा. पुढच्याच महिन्यात मुंबईत आपल्या नौसैनिकांचा उठाव झाला, त्याची कारणं वेगळी आणि मोठी होती, पण साहेबाच्या स्वतःच्याच पोरांनी आधी काम बंद करून दाखवलं होतं हे लोक विसरतात.


प्रश्न : माझी आयईएल्टीएस, म्हणजे ती इंग्रजीची परीक्षा, आहे पुढच्या महिन्यात. हा शब्द रायटिंगमध्ये वापरला तर इम्प्रेशन पडेल का?

उत्तर : अजिबात वापरू नको. हा गप्पांमधला शब्द आहे, निबंधातला नाही. स्पीकिंगमध्ये ओघात आला तर चालेल, पण ओढून ताणून आणलास तर लगेच कळतं. वापरायची पद्धत सांगून ठेवते : 'गो' लावून, गॉन डूलॅली, गोइंग अ बिट डूलॅली, किंवा ह्या पोरांनी मला डूलॅली करून सोडलंय ह्या अर्थी 'ड्राइव्ह' लावून. नामाच्या आधी, म्हणजे 'अ डूलॅली मॅन' असं फारसं कोणी म्हणत नाही. आणि खऱ्या मानसिक आजारी माणसाबद्दल तर नाहीच, तिथे तो हिणवणारा होतो. प्रिंटर, वायफाय, नवऱ्याचं जीपीएस, ह्यांच्यापुरता ठेवावा.


प्रश्न : देवळालीवर बीबीसीची एक सिरियल होती असं माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, ते सत्तरच्या दशकात लंडनला होते. आता कुठे बघायला मिळेल?

उत्तर : होती, सासरे बरोबर सांगतायत. इट एन्ट हाफ हॉट मम, 1974 ते 1981. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या कॅम्पात अडकलेली तोफखान्याची एक नाटकमंडळी, म्हणजे जवानांची करमणूक करणारे जवान, त्यांची कॉमेडी. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीला तसल्याच मंडळीत होता, त्यामुळे कॅम्पातला कंटाळा, सार्जंट मेजरची आरडाओरड हे सगळं त्यानं बघितलेलं. पुढे कथेत ती मंडळी ब्रह्मदेशच्या बाजूला गेली.

पण बीबीसी आता ती दाखवत नाही. रंगीराम नावाचा जो हिंदुस्थानी बेअरर आहे त्याचं काम मायकल बेट्स ह्या गोऱ्या नटानं तोंडाला रंग लावून केलं होतं. बेट्सचा जन्म झाशीचा, भाषा त्याला चांगली यायची, बनवणारे तोच बचाव करत राहिले. तरी एकूण आपल्या लोकांना जसं दाखवलंय ते आज बघताना अंगावर येतं, विनोद कुठल्या बाजूनं आणि कोणावर चाललाय ते लगेच कळतं. जुन्या डीव्हीडी निघाल्या होत्या, सासऱ्यांना हौस असेल तर शोधा, पण नातवंडांसोबत बसून बघायच्या आधी तुम्ही एकदा बघा.


प्रश्न : शिपायांनी उचललेले असे अजून शब्द सांगा ना, आणि खास महाराष्ट्रातले असतील तर अजून छान. दुसरं म्हणजे, मुंगूसला इंग्रजीत मंगूस म्हणतात त्यात शेवटी गूस का आहे, त्याचा बदकाशी की हंसाशी काय संबंध? माझा मुलगा पाचवीत आहे, त्यानं विचारलं आणि मी गप्प झाले.

उत्तर : शिपायांचे म्हणाल तर ढीग आहे. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, आपलं घर, तो आला विलायतीवरून, विलायती-बिलायती-ब्लायटी असा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात तर जखम अशी झाली की जीव वाचेल पण घरी पाठवतील, तिला ब्लायटी म्हणायचे आणि पोरं ती मागून घ्यायची देवाकडे. आरामाच्या नोकरीला कुशी म्हणतात ते आपलं खुशी. डेको म्हणजे नजर टाकणं, ते 'देखो'. चोकी म्हणजे जेल, ती चौकी. बकशी म्हणजे फुकटात मिळालेलं, ते बक्षीस. चार म्हणजे चहा, रूटी म्हणजे रोटी, आणि लांब नोकरी आणि चांगल्या वर्तणुकीचं जे मेडल मिळायचं त्याला हे लोक 'रूटी गाँग' म्हणायचे, म्हणजे इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली त्याचा बिल्ला. किती प्रामाणिक!

आणि कानांची कमाल बघायची तर हॉब्सन-जॉब्सन. मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या शिपायांना असं ऐकू आलं, आणि 1886 ला यूल आणि बर्नेल ह्यांनी हिंदुस्थानी इंग्रजीचा भला मोठा कोश काढला त्याला तेच नाव दिलं. देवळालीची डूलॅली झाली ते त्यामानानं सभ्यच म्हणायचं.

महाराष्ट्रातले : डंगरीज, म्हणजे ती खांद्यावर पट्टे असलेली जाड कापडाची पँट, ते कापड म्हणजे डुंगरी, आणि त्याचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं असं मानतात. बॅडमिंटनला आधी पूनाच म्हणायचे, पुण्यातल्या छावणीतले ऑफिसर खेळायचे, 1870 च्या दशकात नियम-बियम बसवले, नंतर इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून नाव बदललं आणि आपलं पुणं गेलं. पुणेकरांना हे सांगू नका, आणखी एक पाटी लागेल. बॉम्बे डक म्हणजे बोंबील हे तर माहितीच असेल. त्यावर एक गोष्ट फिरते की मुंबईच्या डाक गाडीतून सुके बोंबील जायचे, वास यायचा, म्हणून बॉम्बे डाक आणि त्याचं डक. छान आहे पण टिकत नाही, आपल्याकडे रेल्वे सुरू झाली 1853 ला आणि हा शब्द इंग्रजीत त्याच्या आधीपासून सापडतो. उलट मुंबई इलाख्यातल्या इंग्रजांनाच बाकीचे इंग्रज 'डक्स' म्हणून चिडवायचे, ते कोशात नोंदलेलं आहे.

आता मुंगूस. हा मात्र खणखणीत मराठी शब्द, इंग्रजी कोश स्वतः मराठीचं नाव घेऊन सांगतात. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे तो इंग्रजीत गेला. सुरुवातीला स्पेलिंग वाट्टेल तसं करायचे, मग कोणाला तरी शेवटचा तुकडा ओळखीच्या गूससारखा दिसला आणि ते स्पेलिंग चिकटलं. हंस, बदक कोणाशीच नातं नाही. त्यामुळे गूसचं अनेकवचन गीस होत असलं तरी मंगूसचं मंगीस होत नाही, मंगूसेस होतं. मुलाच्या बाईंनी पेपरात मंगीस लिहून मागितलं तर कोश दाखवा.